मंगलाष्टक, ओवी आणि काव्याची अंगे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘काव्याची मूलतत्त्वे’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. विषय मोठा, आमचा व्यासंग बेताचा, आणि समोर बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांचे लक्ष पाकशाळेतून येणाऱ्या वासाकडे! परंतु विचार करता असे ध्यानात आले की, काव्याशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आपल्या ज्ञातीत असे एकही घर नसेल की, ज्या घरातील लग्नात कोणी काका, मामा अथवा आत्येभाऊ यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटली गेली नाहीत. तेव्हा जे आपल्या हाताखालचे आहे, त्यावरूनच हा विषय मांडावा असे आम्ही ठरविले.

प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. असली मंगलाष्टके आम्हीही पुष्कळ रचली. पुतणीच्या विवाहासाठी रचलेल्या मंगलाष्टकाचा पहिला चरण असा होता:

सोन्याचा दिवस प्रसन्न उगवे, आनंद दाही दिशां

मांडवात तो म्हटला गेला, अक्षता पडल्या, दोन-चार परिचितांनी पाठही थोपटली. मंगलाष्टकाचे परंपरागत वृत्त शार्दूलविक्रीडित, आणि त्या वृत्तात आमचा चरण चोख बसलेला आहे. कसा, ते पाहू; कारण वृत्त म्हणजे काय हे त्यावरून नीट कळेल.

अक्षरे दोन प्रकारची. ऱ्हस्व स्वराचे ते लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे ते गुरू, त्याच्या दोन. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार असला, त्यापुढे विसर्ग असला, किंवा पुढल्या जोडाक्षराचा आघात त्यावर आला, तर तेही गुरू होते. तीन-तीन अक्षरांचा एक गण, असे आठ गण. ते ध्यानात राहावेत म्हणून ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र आपण शाळेत पाठ केले आहे. ज्या गणाचे नाव हवे त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरे घ्यावी: ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरू-गुरू, हा य गण, ‘मातारा’ म्हणजे तिन्ही गुरू, हा म गण. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू, अशी एकोणीस अक्षरे येतात, आणि बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे विसावा असतो. आता ‘सोन्याचा’ पाहा: तीन गुरू, म गण. पुढे ‘दिवस’. एरवी ही तिन्ही अक्षरे लघु; परंतु पुढे ‘प्रसन्न’ मधला ‘प्र’ आला, त्याच्या धक्क्याने ‘स’ गुरू झाला आणि स गण साधला. मराठी कान येथे किंचित कुरकुरतो, कारण बोलताना आपण ‘दिवस’ आणि ‘प्रसन्न’ ही दोन पदे अशी एकमेकांवर आदळू देत नाही. परंतु संस्कृताच्या नियमाने ते ग्राह्य आहे, आणि अडला कवी नियमाचे पाय धरतो.

हा कानाचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, असे पुस्तकात वाचून विद्यार्थी मोजू लागतो आणि फसतो. ‘पुण्याला’ हा शब्द घ्या. पुणे या गावाला जावयाचे असेल, तर ‘पु’ वर आघात नाही, तो लघुच. परंतु पाप-पुण्यातील पुण्याला असे म्हणावयाचे असेल, तर ‘पु’ वर आघात येतो आणि तो गुरू होतो. कागदावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे; भेद केवळ उच्चारात! ‘तुम्ही’ मधला ‘तु’, ‘तुझ्या’ मधला ‘तु’ हे याच कारणाने लघु. यास्तव वृत्ताचा निवाडा डोळ्याने करावयाचा नसतो. जे मूल भुजंगप्रयाताचे नावही ऐकल्याशिवाय रोज सायंकाळी समर्थांचे मनाचे श्लोक म्हणते, त्याच्या कानात य गणाची चार आवर्तने आपोआप मुरलेली असतात. पुढे कोणी त्यास त्या वृत्तातला चुकीचा चरण ऐकविला, तर कोठे चुकले हे सांगता आले नाही तरी काहीतरी ठेचकाळले एवढे त्यास निश्चित कळते.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था लाविली; त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती 1937 साली निघाली. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त, मात्रांचा हिशेब ठेवणारी ती जाति, आणि केवळ अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद, अशी त्यांची त्रिविध मांडणी आहे. कालिदासाचे संबंध मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे; मोरोपंतांची केकावली पृथ्वी वृत्तात आहे, आणि त्यांची आर्या ही जातिरचना होय. तुकोबांचा अभंग आणि ज्ञानदेवांची ओवी हे छंद. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. पुढे कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला, तेव्हा वृत्त गेले, आता कविता बुडाली, अशी ओरड काहींनी केली. ती बुडाली नाही, हे आपण पाहतोच आहोत.

असो. आमच्या मंगलाष्टकाकडे परत येतो. वृत्त चोख, यति जागच्या जागी, चारही चरणांत यमक. व्याह्यांचे नाव वृत्तात सहजी बसेना म्हणून त्यातील ‘राव’ तेवढे गाळले, त्यावरून थोडी नाराजी झाली. परंतु तो दोष काव्याचा नव्हे. असे असूनही, त्या लग्नानंतर महिन्याभराने ते गुलाबी कागद कपाटात सापडले तेव्हा आम्ही ते वाचले, आणि खरे सांगतो, आम्हांस लाज वाटली. त्या चार चरणांत आमची पुतणी कोठेही नव्हती. नावे बदलली असती तर तेच मंगलाष्टक गावातील कोणत्याही मुलीस चालले असते. सोने, सूर्योदय, दाही दिशा, आनंद: सर्व काही होते, आणि काहीच नव्हते.

याचे कारण शोधू लागलो तेव्हा मम्मटाचार्यांकडे जावे लागले. अकराव्या शतकातील हा काश्मिरी पंडित. त्याच्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथाच्या सातव्या उल्लासात काव्यदोषांचा विचार आहे, आणि रसाच्या दोषांत त्याने एक मार्मिक दोष सांगितला आहे: जो रस अथवा जो भाव वाचकाच्या मनात उत्पन्न करावयाचा, त्याचे नावच उच्चारून मोकळे होणे. म्हणजे शोक उत्पन्न करावयाचा तर ‘शोक, शोक’ असे म्हणून तो होत नाही. आम्ही ‘आनंद’ हा शब्द घातला, आणि शब्द आला म्हणून वस्तू आली असे समजलो. त्याच मम्मटाने काव्याची व्याख्या करताना, अलंकार क्वचित स्पष्ट नसला तरी चालेल, अशीही मुभा दिली आहे. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून असे प्रतिपादिले की, उत्तम काव्यात सांगितलेल्या अर्थाहून न सांगितलेला अर्थच प्रधान असतो. घंटा वाजून थांबल्यावरही तिचा नाद मागे रेंगाळावा तसा. उपमेत उपमेय, उपमान, साधर्म्य आणि ‘जसा’, ‘सम’ असा वाचक शब्द ही चार अंगे असतात, रूपकात भेदच मावळतो, वगैरे गोष्टी विद्यार्थ्यांना परीक्षेपुरत्या ठाऊक असतात. त्यांत वेळ दवडत नाही.

आता त्याच लग्नातील दुसरी गोष्ट. आमच्या थोरल्या आत्याबाई त्या वेळी ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. हळदीच्या दिवशी मुलीला न्हाऊ घातल्यावर ती ओल्या पायांनी ओटीवरून माजघरात गेली, आणि मागे फरशीवर पावले उमटली. कोणी तरी लगबगीने फडके घेऊन पुसावयास धावले. आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या स्वतःशीच गुणगुणल्या:

लेक चालली सासरी, ओली पाउलं दारात
पुसू नका गं बायांनो, वाळू द्या गं ती घरात

फडके घेतलेला हात तसाच थांबला. पुतणीची आई आत निघून गेली.

या ओवीत काव्याची जी जी अंगे आम्ही आतापर्यंत सांगितली, ती शोधून पाहा. गण नाहीत, परंतु प्रत्येक खंडात आठ अक्षरे आहेत, आणि ती कोणी बोटांवर मोजलेली नाहीत. जात्याचा खुंटा धरून पहाटे दळणाऱ्या बाईचा हात एक फेरा घेतो, श्वास एकदा सुटतो, तेवढ्यात जे मावते तो ओवीचा खंड. एखादे अक्षर अधिक झाले तर ती स्वर आखडते, उणे पडले तर ‘गं’, ‘बाई’ घालून लांबविते. यमक आहे: ‘दारात’, ‘घरात’. आपण यमकाला शोभेची वस्तू समजतो. परंतु ज्या बाईजवळ पाटी नाही, पेन्सिल नाही, तिला यमक ही पदराला मारलेली गाठ आहे. तिच्यामुळे दुसरी ओळ आठवते. अलंकार? एकही नाही. उपमान नाही, रूपक नाही. दुःख हा शब्द नाही, माया हा शब्द नाही. ओली पावले आहेत, आणि ती घटकाभरात वाळणार आहेत. पुसली काय आणि न पुसली काय, राहणार नाहीतच. तरीही ‘पुसू नका’! जे सांगितले ते पावलांविषयी. जे उमटले ते मुलीविषयी. आनंदवर्धनाचा ध्वनि तो हाच, असे आम्ही समजतो. चूक असल्यास पंडितांनी क्षमा करावी.

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, मग वृत्ते टाकावी आणि सर्वांनी ओव्या म्हणाव्या. तसे आमचे म्हणणे नाही. शार्दूलविक्रीडिताने आम्हांस कोणी मना केले नव्हते. त्याच वृत्तात, पुष्कळ उशिरा, आम्ही एक चरण लिहिला. पुतणी अंगणातील तुळशीला रोज पाणी घालीत असे, एवढेच त्यात आहे:

दारीची तुळशी पुसेल मजला, पाणी कुणी घालणे

गण मोजून पाहावे; बरोबर उतरतील. चरण थोर आहे असा दावा नाही. परंतु तो दुसऱ्या कोणत्याही मुलीच्या मंगलाष्टकात जसाच्या तसा घालता येणार नाही, इतके खरे. वृत्त तेच, यति तोच. फरक पडला तो डोळ्यांपुढे एक खरी वस्तू आणल्याने. हल्ली मंगलाष्टके मोबदला देऊन गायकांकडून म्हणवितात, तीही चित्रपटातील चालींवर. चालीच्या ओघात वृत्त मोडले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही आणि शब्द तर ऐकूच येत नाहीत. या गोष्टीचा आम्हांस विषाद वाटतो. पण ज्याच्या घरचे कार्य त्याची हौस, म्हणून अधिक बोलत नाही.

ओव्यांविषयी मात्र बोलणे भाग आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. चिरंजीव सोपानदेवांजवळ त्यांची गाणी उतरून घेतलेली होती, आचार्य अत्र्यांनी ती पाहिली, आणि 1952 साली, बहिणाबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी, त्यांचे पुस्तक निघाले. गाणी उतरून घेतली गेली नसती तर? हा प्रश्न आम्हांस रात्री-अपरात्री पडतो, कारण आमच्या घरात ती घेतली गेली नाहीत. वृत्तांची पुस्तके कपाटात रांगेने लावलेली होती, आम्ही ती चाळत बसत असू, आणि पलीकडच्या खोलीत आत्याबाई निवडण-टिपण करीत गुणगुणत असत.

म्हणून मंडळास एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने या कामासाठी राखून ठेवावी. आपापल्या घरी आजी, आत्या, मावशी ज्या कोणी असतील, त्यांच्याजवळ बसून त्यांना येत असलेल्या ओव्या लिहून घ्याव्या. आता तर प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर आवाजही उतरून घेता येतो. ज्या बोलीत म्हटली त्याच बोलीत लिहावी. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, आत्याबाईंची वरील ओवी आम्ही एकदा छापावयास दिली असता मुद्रितशोधकाने ‘पाउलं’ चे ‘पाउले’ आणि ‘गं’ चे ‘ग’ केले, आणि शुद्धलेखनाचे कर्तव्य बजावल्याचे समाधान मानले. ओवी त्या पानावर पाहुण्यासारखी अवघडून बसलेली दिसत होती. ओवी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या कामात म्हणत असत, हेही खाली लिहावे. अपुरी आठवत असेल तर अपुरीच द्यावी. आपल्या पदरचा चरण जोडून ती पुरी करू नये.

हळदीच्या त्या दिवशी आत्याबाईंनी लागोपाठ तीन ओव्या म्हटल्या होत्या. आम्ही मंगलाष्टकाची मुद्रिते तपासण्यात गुंतलो होतो, म्हणून तिसरीच्या वेळी मान वर केली. पहिल्या दोन कोणत्या, ते आम्ही नंतर घरातील प्रत्येकास विचारले.