रुमालाखालचा भाव आणि कागदावरचा भाव
(वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी नाशिक येथे दिलेले भाषण)



अशा संमेलनात शिक्षण, शिष्यवृत्त्या, वधूवरसूचना यांविषयी बोलण्याचा परिपाठ आहे. आज आम्ही मोटार विकत घेण्याविषयी बोलणार, हे ऐकून काहींस आश्चर्य वाटेल. परंतु घर, शिक्षण आणि विवाहकार्य हे खर्च वगळले, तर मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या हातून सर्वांत मोठी रक्कम जाते ती वाहनखरेदीच्या वेळी. ही रक्कम बहुधा कोणाच्या तरी निवृत्तीच्या पैशांतून अथवा पाच-सात वर्षांच्या हप्त्यांतून उभी राहिलेली असते. असे असूनही, भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण, शोरूमच्या काचेच्या दालनात पाऊल टाकताच मौन धारण करतो. हे मौन का, आणि ते कसे सोडावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

या मौनास इतिहास आहे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. मोटारींत फियाट आणि ॲम्बॅसडर यांखेरीज फारशी निवड नव्हती. त्या काळी ग्राहक हा गिऱ्हाईक नव्हताच. तो अर्जदार होता, आणि अर्जदाराने भाव करावयाचा नसतो. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, १९९१ नंतर उद्योगधोरण पालटले, आणि हे चित्र बदलत गेले. आपल्या नाशकातच महिंद्र कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली. आज एकाच कंपनीचे एकाहून अधिक विक्रेते आपल्या जिल्ह्यात व आसपासच्या शहरांत आहेत. रांग संपली, रांगेत उभे राहण्याची मनोवृत्ती मात्र संपली नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे, आणि ते आपल्यासारख्या संस्थेतच बोलून दाखविले पाहिजे. शोरूममधील कोणी तरी आपल्या ओळखीचा निघतो. कोणाचा भाचा, कोणाचा व्याही, कोणाच्या मामेबहिणीचा दीर. मग ‘घरचाच माणूस आहे, त्याला काय विचारायचे?’ असे म्हणून आपण सांगितलेल्या आकड्यावर सही करतो. भीड ही भिकेची बहीण आहे, असे आपले जुने जाणते म्हणत आले. ओळखीने आदर मिळावा, चहा मिळावा, वेळेवर गाडी मिळावी. परंतु ओळखीमुळे हिशेब विचारण्याचा हक्क बुडू नये.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास हा प्रश्न नवा नाही. शेतमालाच्या बाजारात एके काळी हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाची हालचाल तेवढी पाही. बाजार समित्यांच्या कायद्यांनी हा रुमाल दूर करून उघड लिलाव आणला. आज लासलगावास कांद्याच्या वाहनाभोवती बोली होते, ती सर्वांच्या कानांवर पडते. उघड्या बोलीने प्रत्येक वेळी चांगला भाव मिळतो असे नाही. पण काय ठरले, हे मालकास कळते. मोटारीचा भाव अद्याप पुष्कळ अंशी रुमालाखालीच आहे. ‘ऑन-रोड’ या एका शब्दाखाली सात-आठ रकमा झाकून ठेवलेल्या असतात.

त्या रकमा आपण एकेक करून पाहू. पहिली गाडीची मूळ किंमत. वस्तू व सेवा कर तिच्यातच धरलेला असतो. दुसरा राज्याचा एकरकमी वाहनकर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीस तो ११ टक्के आहे. डिझेलला अधिक आहे. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर सुमारे ९९,००० रुपये झाले. यात विक्रेता काही सोडू शकत नाही, आणि सोडतो असे म्हणाला तर ती सवलत दुसऱ्या कोणत्या तरी रकमेतून आलेली समजावी. तिसरे नोंदणीशुल्क, तेही सरकारी आहे. वाहन दहा लाखांहून अधिक किमतीचे असेल, तर विक्रेता एक टक्का कर निराळा गोळा करतो. तो आयकराच्या हिशेबात वजा मिळतो, म्हणून त्याची नोंद जपून ठेवावी.

येथून पुढच्या रकमा बोलण्याच्या आहेत. विमा हा त्यांत प्रमुख. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो विक्रेत्याकडूनच घ्यावा, असे मात्र बंधन नाही. त्याच गाडीचा, तेवढ्याच विमामूल्याचा आणि त्याच जोडसंरक्षणांचा दर विमा कंपनीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. जुनी गाडी विकली असेल, तर दावा न केल्याबद्दल साचलेली सवलत नव्या गाडीच्या विम्यात घेता येते. ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि पुष्कळजण ती विसरतात. त्यानंतर येतात गालिचे, आसनांची आवरणे, रंगरक्षक लेप, वाढीव हमी आणि ‘हँडलिंग’ या नावाची एक मोघम रक्कम. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी स्थिती येथेच होते. या रकमेत नेमके कोणते काम केले, हे लेखी विचारावे. उत्तर पटले नाही, तर ती वगळण्यास सांगावे.

आता मार्ग. पूर्वी चार दुकाने हिंडावयाची तर चार दिवस मोडत. आज एकच पत्र ई-मेलने चौघांस धाडता येते. त्यात गाडीचे नाव, नेमका प्रकार, रंग आणि कोणत्या आठवड्यात गाडी हवी ते लिहावे. प्रत्येक रक्कम निराळी दाखविलेले, मुदत नमूद केलेले दरपत्रक मागावे. नाशकातील दोन आणि शेजारच्या जिल्ह्यांतील दोन विक्रेते पुरेत. राज्य एक, म्हणून वाहनकर सर्वत्र सारखाच. फरक दिसेल तो बोलण्याच्या रकमांतच. बाहेरगावचा भाव प्रामुख्याने मापासाठी घ्यावा. गाडीची निगा वर्षानुवर्षे येथेच राखावयाची आहे, हे विसरू नये.

पत्रांची उत्तरे आली की ती एका कागदावर शेजारी शेजारी मांडावी. मग ज्याच्याकडून घेण्याची इच्छा आहे, त्यास नम्रपणे लिहावे: ‘अमुक रकमा अन्यत्र इतक्या आहेत, आपणांस काय शक्य आहे?’ आकडा खरा सांगावा. खोटा भाव सांगून घासाघीस करणे हे गिऱ्हाइकासही शोभत नाही. दूरध्वनीवर ‘आजच्या आज ठरवा’ असा आग्रह झाला, तर ‘कृपया लेखी पाठवा’ या तीन शब्दांपलीकडे उत्तर देण्याचे कारण नाही. मासअखेर, तिमाहीअखेर आणि वर्षअखेर विक्रेत्यास आकडा गाठावयाचा असतो. तेव्हा उत्तरे लवकर येतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया यांचा मुहूर्त अवश्य साधावा. पण भाव आधीच ठरवावा. मुहूर्ताच्या सकाळी, नारळ हाती घेऊन, कोणालाही भाव करता येत नाही.

बयाणा देताना दक्षता घ्यावी. तो विक्रेत्या संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच भरावा, पावती घ्यावी, आणि खरेदी रद्द झाल्यास किती परत मिळेल ते लिहून घ्यावे. मोबाइलवर आलेल्या अनोळखी दुव्यावर वा चौकोनी खुणेवर पैसे धाडू नयेत. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहून तिच्या निर्मितीचा महिना व वर्ष तपासावे. वर्ष पालटताना आदल्या वर्षीची गाडी घेणे गैर नाही. ती नव्याच्या भावाने घेणे गैर आहे.

कागदाचे मोल २०२५ साली अनेकांच्या ध्यानी आले. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतील लहान मोटारींवरील कर २८ टक्के व अधिभार यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्यापाशी आधीचे तपशीलवार दरपत्रक होते, त्यांस सरकारने किती उतरविले आणि विक्रेत्याने स्वतःचे किती सोडले, हे निरनिराळे पाहता आले. ज्यांच्यापाशी नुसता ‘ऑन-रोड’ आकडा होता, त्यांस दोन्ही एकच भासले.

‘ही कटकट कशाला? विक्रेत्यानेही पोट भरावयाचे आहे,’ असा आक्षेप येईल. तो आम्ही मान्य करतो. गाडीच्या मूळ किमतीत विक्रेत्याचा वाटा शेकडा थोडाच असतो. म्हणूनच तो विमा, कर्ज आणि साजसामान यांकडे पाहतो. त्यास रास्त नफा मिळालाच पाहिजे. मात्र तो आपल्या अज्ञानातून नव्हे, आपल्या संमतीने मिळावा. ज्यांच्याकडून गाडी घ्यावयाची नाही असे ठरले, त्यांस दोन ओळी लिहून आभार मानावे; त्या तरुण विक्रेत्याने आपल्यासाठी वेळ दिलेला असतो. आणि दिलेला शब्द मोडला गेलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. तेथे तोंडी आश्वासन नव्हे, कागद बोलतो.

शेवटी मंडळास एक सूचना करतो. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती एकटा ग्राहक दुबळा असतो हे ओळखून. आपणही आपल्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. ज्या सभासदाने वाहन घेतले, त्याने आपले नाव गाळून, विक्रेत्याच्या दरपत्रकातील रकमा तीत उतरवाव्या. पुढील कुटुंब शोरूममध्ये जाण्यापूर्वी ती वही चाळील. ज्ञातिसंघटनेचा उपयोग एकमेकांस भिडेत घालण्याकडे पुष्कळ झाला. तो एकमेकांची भीड घालविण्याकडे व्हावा. वहीचे पहिले पान पुढील संमेलनापूर्वी भरलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.