उघड्या पत्र्यास टिकाऊ रंग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह आणि विद्यार्थिनिधी या विषयांवरील व्याख्यानांनंतर मोटारीच्या आतील पत्र्यास कोणता रंग द्यावा, हा विषय ऐकून कित्येकांस मौज वाटली असेल. परंतु वडिलांनी जपलेली फियाट किंवा शेतावरची जीप आजही काही घरांच्या अंगणात उभी आहे, आणि आपले काही तरुण गॅरेजात याच कामावर उदरनिर्वाह करतात. म्हणून हा विषय जसा पैशाचा आहे तसाच, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, जिवाचाही आहे.

हल्लीच्या गाड्यांत आतील बहुतेक पत्रा प्लास्टिक व कापड यांखाली झाकलेला असतो. जुन्या गाड्यांत दारांच्या चौकटी आणि जीपमध्ये तर जवळजवळ सारा अंतर्भाग रंगविलेल्या पत्र्याचाच. तेथे ऊनपाऊस थेट लागत नाही, म्हणून रंग कोणताही चालेल, असा समज आहे. तो चुकीचा होय. आत हातांचा घाम लागतो, बुटांचे घर्षण होते, बंद काचांत उन्हाची धग साठते आणि पायपुसण्याखाली पावसाळ्याचे पाणी दिवसचे दिवस मुरते. गंज बहुधा तेथूनच सुरू होतो.

डब्यातून फवारण्याचा रंग तसा फार जुना नाही. 1949 साली अमेरिकेत एड सेमूर नावाच्या गृहस्थाने तो प्रथम बनविला. आज दुकानात अशा डब्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकावर टिकाऊपणाची ग्वाही छापलेली असते. निवड करणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रंगाचे आयुष्य वरच्या थरापेक्षा पत्रा आणि पहिला थर यांच्या पकडीवर अधिक अवलंबून असते. गंजावर दिलेला उंची रंग वर्षभरात पोपडे धरतो. स्वच्छ पत्र्यावरचा साधा रंगही वर्षानुवर्षे टिकतो.

म्हणून प्रथम 80 नंबरच्या पॉलिशपेपरने गंज काढावा, मग 180 नंबरने पत्रा एकसारखा करावा. जुना रंग शिशाचा असण्याचा संभव असतो. तो कोरडा न घासता पाण्याने घासावा, आणि मुलांस त्या धुळीपासून दूर ठेवावे. पत्रा पूर्ण वाळल्यावर थिनरच्या स्वच्छ फडक्याने तेलकटपणा पुसावा व नंतर उघड्या पत्र्यास बोट लावू नये. अस्तर त्याच दिवशी द्यावे. कोकणच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

अस्तर, म्हणजे प्रायमर, निवडताना खरी पारख लागते. साधे रेडऑक्साइड स्वस्त असते, पण त्याचा थर सच्छिद्र असल्याने ते तसेच उघडे ठेवल्यास ओल आत शिरते. एच-प्रायमरमध्ये फॉस्फरिक आम्ल असते; ते पत्र्यास किंचित खाऊन पकड घेते, म्हणून पातळ पत्र्यास व ॲल्युमिनियमला ते चांगले. इपॉक्सी प्रायमर ओल सर्वांत उत्तम अडविते. गाडीच्या तळाच्या पत्र्यास तेच द्यावे. मात्र एचवर इपॉक्सी देण्यापूर्वी डब्यावरील सूचना वाचावी, कारण मागे राहिलेले आम्ल इपॉक्सीस नीट घट्ट होऊ देत नाही. जस्ताच्या पत्र्यावर साधा तेलरंग थेट देऊ नये; तो कालांतराने सुटतो.

आता वरचा रंग. लॅकर लवकर वाळतो, पण पेट्रोल वा थिनर लागताच विरघळतो. तेलरंग सावकाश वाळतो, पण अधिक चिवट असतो. सर्वांत टिकाऊ तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. त्याच्या डब्यात हार्डनर निराळा कोंडलेला असतो. बुडाची कळ दाबली की तो रंगात मिसळतो, आणि मग डबा ठरलेल्या वेळेत संपवावा लागतो.

येथेच जिवाचा प्रश्न येतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने श्वासनलिका एकदा बाधली की पुढे अल्पशा संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. गाडीच्या आत बसून फवारणाऱ्यास तर तो ढग चोहोंकडून वेढतो. तोंडावर रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे. त्या कामास बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा आणि पंख्यांची रंगखोली लागते. ही सोय नसेल तेथे हा रंग कितीही टिकाऊ असला तरी आणू नये. घरी काम करणाऱ्याने सुट्या होणाऱ्या वस्तू बाहेर काढून उघड्यावर रंगवाव्यात, किंवा त्यांस भट्टीतील पावडर-कोटिंग करून घ्यावे. उरलेल्या भागास एका घटकाचा चांगला तेलरंग पुरे. अर्थात त्याचाही वास विषारीच. दारे सताड उघडी ठेवून, योग्य फिल्टरचा मुखवटा लावून, बॅटरीची तार सोडून व विडी-काडी दूर ठेवूनच काम करावे.

फवारताना डबा सुमारे 25 सेंटिमीटर दूर धरावा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. भर पावसाळ्यात हे काम काढू नये. काचेसमोरील भागास चकचकीत रंग देऊ नये. त्याचे प्रतिबिंब काचेवर पडून चालकाचे डोळे दिपतात. तेथे मंद तकाकीचा रंगच योग्य. हातास कोरडा लागला म्हणजे रंग पिकला असे नव्हे. आठवडाभर तरी त्यावर पायपुसणे अंथरू नये.

आपल्या गॅरेजमालक बंधूंस एक विनंती करतो. मुखवट्याचा खर्च हा कामाचाच खर्च समजून तो गिऱ्हाइकाच्या बिलात मांडावा. आणि गिऱ्हाइकांनी, म्हणजे आपण सर्वांनी, त्यात घासाघीस करू नये. पत्रा पुन्हा रंगविता येतो. हाताखालच्या पोराची छाती पुन्हा नवी करता येत नाही.