साठी आणि बुद्धी



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण वडीलधाऱ्यांना सहज ऐकवतो. ती कितपत खरी आहे?

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण प्रथम तेथे बांधली जाते. उतारवयात निरोगी माणसातही तो वर्षाला एक-दोन टक्के आकसतो. म्हणून नाना चष्मा कोठे ठेवला ते विसरतात, पाहुण्याचे नाव आठवायला वेळ घेतात. शब्दांचे भांडार मात्र शाबूत राहते, कित्येकदा वाढतेही. एवढ्याला आजार समजू नये. पण रोजची वाट चुकू लागली, पैशांचा व्यवहार कळेनासा झाला, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. 'वय झाले' म्हणून घरात बसवणे हा अन्यायच.

अमेरिकेत २०११ साली १२० वृद्धांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालवले. त्यांचा हाच भाग आकसण्याऐवजी दोन टक्क्यांनी वाढला! तेव्हा मुलांनो, संध्याकाळी नानांना नदीपर्यंत फिरवून आणा.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. हैदराबादेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि हा फरक शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही दिसला. आपली दादी घरात दखनी बोलते आणि अकलूजच्या बाजारात अस्सल मराठीत घासाघीस करते. तिला अडाणी कोण म्हणेल?