थेंब येतो कुठून?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, ‘संगणक आणि उद्याचं जग’. मी म्हटलं, उद्याच्या जगाबद्दल बोलणारे खूप आहेत, आणि आपल्या वर्गातले निम्मे लोक तोपर्यंत जेवणाच्या रांगेकडे बघत असतील. मी एका जुन्या मोटारसायकलच्या ऑइलगळतीबद्दल बोलते. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही शिकले ते यात जवळजवळ सगळं आलं आहे. शिवाय यात आपल्या शाळेचे तीन तास आहेत, ते ओघात येतीलच.

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. लोखंडी सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची, उजव्या पायाला गिअर असलेली. कुठली ते तुम्हाला आवाजावरून कळलं असतं. गेली काही वर्षं अण्णा पुण्यात माझ्याकडे असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, पण रविवारी खाली जाऊन फडक्याने पुसायची, हे मात्र सोडलं नव्हतं. ही गाडी ऑइल गाळायची. थोडंथोडकं नाही, आमच्या पार्किंगच्या उतारावर पावसाळ्यात त्याचा ओघळ जायचा. दीड वर्षात गॅरेजमध्ये तीन वेळा पॅकिंग बदललं. दर वेळी गाडी महिनाभर शहाण्यासारखी वागायची, आणि मग पुन्हा फरशीवर काळा डाग.

शेवटी सोसायटीची नोटीस आली. उतारावरून कोणी घसरलं तर जबाबदार कोण, एक महिन्यात गाडी दुरुस्त करा नाहीतर हलवा. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आमच्याकडे ऐंशीच्या पुढचे चार जण राहतात. अण्णा नोटीस वाचून म्हणाले, “बाळ, देऊन टाक भंगारात. आता कोण चालवतंय?” पण त्यानंतरच्या रविवारी ते खाली गेले नाहीत. मला ते नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

मी ठरवलं, महिना आहे ना, मग या महिन्यात आपणच बघू.

पहिला मुद्दा असा, की जिथून थेंब पडतो तिथून ऑइल गळत असतंच असं नाही. ऑइल खाली ओघळतं, आणि गाडी पळत असली की वाऱ्याने मागे सरकतं. वर कुठेतरी बारीक पाझर असतो, तो फिन्सवरून, बोल्टवरून, कव्हरच्या कडेने फिरत फिरत सगळ्यात खालच्या टोकाला येतो आणि तिथून टपकतो. आपण खालचा बोल्ट आवळतो. तो बिचारा निर्दोष असतो.

म्हणून आधी इंजिन धुतलं. ब्रश, डिझेल, मग साबणाचं पाणी, मग पूर्ण कोरडं. कोरडं झाल्यावर सगळ्या सांध्यांवर आपली साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. वॉचमनकाकांना वाटलं ताई गाडीची पूजा करतायत. मग गाडी दहा मिनिटं चालवली आणि बॅटरी घेऊन खाली बसले. पांढऱ्या पावडरीवर ओल कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

दिसलं ते असं: उजव्या बाजूच्या कव्हरच्या खालच्या कडेला ओल, सिलिंडर जिथे खालच्या भागावर बसतो त्या सांध्याला ओल, आणि डाव्या बाजूलाही थोडी ओल. तीन वेगवेगळ्या जागा, तीन वेगवेगळी पॅकिंग.

इथे मला आपले विज्ञानाचे सर आठवले. आठवीत त्यांनी एक रबरी चेंडू आणला होता, त्याला सगळीकडून सुईने भोकं पाडलेली. त्यात पाणी भरून दाबला, तर पुढच्या बाकावरच्या सगळ्यांचे गणवेश भिजले. पाणी फक्त बोटासमोरच्या भोकातून न येता सगळ्याच भोकांतून एकदम आलं. पास्कलचा नियम. एक पॅकिंग खराब असेल तर एका जागी गळेल. तीन ठिकाणी एकदम गळतंय, म्हणजे आतून कोणीतरी दाबतंय.

हा ‘कोणीतरी’ म्हणजे पिस्टन. त्याचा हिशेब आपल्या गणिताच्या बाईंनी शिकवलेलाच आहे. वृत्तचितीचं घनफळ. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, उंची नऊ. बावीस सप्तमांश गुणिले साडेतीनचा वर्ग गुणिले नऊ, उत्तर येतं 346.5 घन सेंटिमीटर. बाई, पायऱ्यांसकट लिहून ठेवलं आहे, गुण कापू नका.

पिस्टन खाली येतो तेव्हा वर ही जागा मोकळी होते, पण खाली, क्रँककेसमध्ये, तेवढीच हवा दाबली जाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा. एकच सिलिंडर असल्यामुळे एक खाली येताना दुसरा वर जाऊन तोल सांभाळेल, अशी सोय नाही. ही हवा बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. जुन्या गाड्यांत त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबराचा तुकडा असतो. पिस्टन खाली आला की चोच उघडते आणि हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते आणि बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. त्यामुळे आत दाब साठत नाही, उलट थोडी पोकळी राहते आणि ऑइल आतल्या आत ओढून धरलं जातं. म्हणजे पॅकिंगचं अर्धं काम हा रबराचा तुकडा करतो. आणि ही वाट बंद झाली तर हवा दुसरी वाट शोधते, जिथे सांधा सगळ्यात कच्चा तिथून, ऑइलला सोबत घेऊन. मग कितीही नवं पॅकिंग घाला, ते आज ना उद्या हरणार.

मी नळी काढून तोंडाने फुंकून पाहिली. कुठल्या तरी एका बाजूने हवा जायला हवी होती. दोन्ही बाजूंनी जवळजवळ बंद. रबर उन्हाने आणि ऑइलने कडक होऊन चोच चिकटली होती, आणि नळी टूलबॉक्सच्या मागे दुमडलेली.

दुसरी शंकाही तपासली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली उतरून दाब वाढवतो, मग ब्रीदर नवा घालूनही उपयोग नाही. पण सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, किक मारताना कॉम्प्रेशन चांगलं लागत होतं. रिंगा ठीक.

आणखी एक गोष्ट अण्णांच्या बोलण्यातून कळली. गाडी आठवडा-आठवडा उभी असते, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर दर वेळी “ऑइल कमी आहे” म्हणून भर घालतात. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच एका कप्प्यात असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. तेव्हा पट्टी काढून पाहिली तर पातळी कमी दिसते, पण ऑइल कुठे गेलेलं नसतं, शेजारच्या खोलीत बसलेलं असतं. वरून भर घातली की इंजिन चालू झाल्यावर सगळं मिळून जास्त होतं. म्हणून पातळी बघायची ती गाडी थोडी चालवून, बंद करून, दोन-चार मिनिटांनी.

एव्हाना माझ्याकडे तीन संशयित होते: जादा ऑइल, बंद ब्रीदर, आणि कव्हर सपाट नसणं. तिन्ही एकाच दिवशी दुरुस्त करता आले असते. पण मग गळती थांबली तरी कशामुळे थांबली ते कळलं नसतं, आणि सहा महिन्यांनी परत सुरू झाली असती तर पुन्हा पहिल्यापासून अंधारात. एका वेळी एकच बदल, हा नियम आम्ही ऑफिसात भिंतीवर लावतो आणि घाई झाली की पहिल्यांदा तोच मोडतो. इथे घाई होती, पण चार आठवडेही होते.

गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला. रोज सकाळी तीच वीस मिनिटांची फेरी, मग गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर. दुसऱ्या दिवशी डाग मोजायचे. मी घाईत असायची, म्हणून मोजायचं काम अण्णांकडे दिलं. अण्णांनी चाळीस वर्षं हिशेब लिहिले आहेत. त्यांनी वही केली, रकाने आखले.

पहिल्या आठवड्यात ऑइल योग्य पातळीवर आणलं. अकराचे सात डाग झाले. दुसऱ्या आठवड्यात नाना पेठेतून नवी नळी आणि नवी चोच आणली, चहा-वड्याच्या पैशात. दुकानदार म्हणाला, “मॅडम, साहेबांना पाठवा, कुठली गाडी ते नीट विचारतो.” मी त्याला व्यास सांगितला. सातचे दोन झाले. दोन जागा तर पूर्ण कोरड्या. उरली ती फक्त उजव्या कव्हरची कडा.

तिसऱ्या आठवड्यात ते कव्हर उघडलं. आत सिलिकॉनचा लाल थर बोटभर. गळती थांबावी म्हणून आधी कोणीतरी ओतलेला. हा प्रकार धोक्याचा आहे. आतल्या बाजूला आलेले तुकडे सुटतात आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवतात. गळणारं इंजिन फरशी घाण करतं, पण ऑइल न मिळालेलं इंजिन जागच्या जागी जाम होतं. सगळं खरवडून काढलं. मग जाड काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून त्यावर कव्हर हलक्या हाताने फिरवलं. स्क्रूच्या भोकांभोवतीचा भाग आधी चमकायला लागला, मधला काळाच राहिला. म्हणजे वर्षानुवर्षं स्क्रू ताकदीने आवळून आवळून ॲल्युमिनियम भोकांपाशी वर ओढलं गेलं होतं. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून वाकायचं, वाकलं म्हणून गळायचं. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासलं, स्वच्छ धुतलं, नवं कागदी पॅकिंग घातलं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं, आणि मऊ वायसर नीट बसतो. हा तिसरा तास. प्रयोगशाळेत हे आपल्याला दाखवलं होतं आणि आपण पाणी कसं चर्रकन वाजलं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

चौथ्या आठवड्यात वहीत सलग सात शून्यं.

सांगायला हवं की जुनी ब्रिटिश धाटणीची इंजिनं गळायचीच. त्यांची क्रँककेस उभी चिरलेली असते, सांधा थेट ऑइलमधून खाली जातो. 1969 मध्ये होंडाची सीबी 750 आली, तिची क्रँककेस आडवी चिरलेली, सांधा ऑइलच्या वर. म्हणून “गळायचीच” हे अगदी खोटं नाही. पण या वाक्याचा तोटा असा, की ते एकदा म्हटलं की कोणी खाली वाकून बघत नाही. तीन पॅकिंग बदलणारे मेकॅनिक कामात वाईट नव्हते. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती, आणि संध्याकाळपर्यंत पॅकिंगच बदलता येतं.

आता दहा महिने झाले. कव्हरच्या कडेला बोट फिरवलं तर थोडा ओलसरपणा लागतो. फरशीवर मात्र थेंब नाही. सोसायटीने नोटीस मागे घेतली, आणि सेक्रेटरींनी त्यांच्या स्कूटरची तक्रार माझ्याकडे आणली.

अण्णांची वही अजून चालू आहे. मी म्हटलं, “अण्णा, आता पुरे.” ते म्हणाले, “पावसाळा जाऊ दे एक.” रोज सकाळी ते जिना उतरून खाली जातात, पुठ्ठा बघतात, शून्य लिहितात आणि वर येतात. फिजिओथेरपिस्ट सांगून दमले होते, तो व्यायाम आता न सांगता होतो. रविवारी मी गाडी चालवते, अण्णा मागे बसतात आणि गिअर कधी बदलायचा ते सांगतात.

सर, बाई, वृत्तचितीचं घनफळ पुढे कुठे उपयोगाला येणार, असं आम्ही मागच्या बाकावरून विचारायचो. आता उत्तर मिळालं आहे, ते सांगायला मी आले. आणि ज्यांच्या गाड्या गळतात त्या मित्रांनी जेवण झाल्यावर भेटा. पावडरचा डबा तेवढा आपापला आणा.