निवाऱ्यातील दोन वर्षे



सेवानिवृत्तीनंतर मी दोन वर्षे पुण्याच्या नवी पेठेतील ‘निवारा’ वृद्धाश्रमात राहिलो, हे कळताच हिंगोलीत अनेकांनी माझ्या मुलाला बोल लावला. तो अन्याय होय. पत्नी निवर्तल्यावर रिकाम्या घरात मन रमेना, म्हणून मी स्वखुशीने गेलो. डेव्हिड ससून या यहुदी गृहस्थांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात हे आश्रयस्थान उभे राहिले. ज्ञातीबाहेरच्यांसाठी केलेले दान ज्ञातिसभेत मुद्दाम सांगावेसे वाटते.

माझ्या शेजारची खाट एका वृद्ध गिरणी कामगाराची. मी नर्सीकडचा, म्हणून ते मला ‘नामदेव मास्तर’ म्हणत. त्यांना अक्षरओळख नव्हती. दुपारी आम्ही पाटी घेऊन बसू. इतका हट्टी विद्यार्थी मला उभ्या नोकरीत लाभला नाही! त्यांच्या नावातील ‘क्ष्म’ या जोडाक्षराने आम्हां दोघांना महिनाभर छळले. दोष माझ्या शिकविण्याचा, असे त्यांचे ठाम मत होते.

अखेर बँकेत अंगठ्याऐवजी त्यांनी सही केली. परतताना पेढे आणले, खोलीखोलीतून वाटले. मला मात्र दोन दिले.