अंबरसिंग महाराज आणि सालदारांची संघटना



आज आपल्याला एका माणसाची हकिकत ऐकायची आहे. तो राजा नव्हता. तो श्रीमंताच्या घरीही जन्मला नव्हता. शहादा तालुक्यातल्या एका भिल्ल घरातला तो मुलगा. त्यांचे नाव अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना आदराने अंबरसिंग महाराज म्हणत.

शहादा तालुका तुम्हांला ठाऊकच आहे. वर सातपुडा, खाली तापी. मधली जमीन काळी आणि कसदार. आज हा तालुका नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता.

या काळ्या जमिनीत ऊस पिकू लागला, कापूस पिकू लागला. पंप आले, ट्रॅक्टर आले. पण जमिनीत राबणारा भिल्ल मात्र अर्धपोटी राहिला. एके काळी यातली पुष्कळ जमीन त्याच्याच नावावर होती. मग ती गेली कुठे? चोरांनी रात्री येऊन नेली का? नाही. जमीन कागदावरून गेली.

कशी गेली, ते नीट समजून घेऊ.

पावसाळ्याच्या तोंडी घरातले दाणे संपत. भिल्ल सावकाराच्या दारी जाई. दोन पोती दादर घेई आणि कागदावर अंगठा उठवी. कागदात काय लिहिले आहे, हे वाचणारे घरात कोणी नसे. आपण जमीन गहाण ठेवली की विकली, हेसुद्धा त्याला मागाहून कळे. कळे तेव्हा उशीर झालेला असे.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. १९४८ साली मुंबई राज्यात कुळकायदा झाला. कसेल त्याची जमीन, हा त्याचा हेतू. पुढे १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. यात पुष्कळ गरीब कुळांचे भले झाले. पण आदिवासी भागात गाडे उलटे फिरले. इथे जमीन भिल्लाच्या नावावर होती. नड होती म्हणून त्याने ती दुसऱ्याला कसायला दिली होती, आणि हा दुसरा पैशाने दांडगा. कायद्याने पाहिले, तर कूळ कोण? तो दांडगा! मालक कोण? हा उपाशी भिल्ल! गरिबासाठी केलेला कायदा गरिबावरच उलटला. भिल्लाची जमीन गेली आणि तो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभा राहिला.

ज्याला रोजची मजुरी मिळेना, तो सालदार झाला. सालदार म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. आखाजीच्या सुमाराला साल ठरते. वर्षभर एकाच मालकाकडे राबायचे. पहाटे गोठा, दिवसा शेत, रात्री पाणी भरायला पुन्हा शेत. ना दिवस आपला, ना रात्र आपली.

आता एक हिशेब करू. हे आकडे उदाहरणाचे आहेत. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, एका सालदाराचे साल ६०० रुपये ठरले. सुरुवातीला त्याने २०० रुपये उचल घेतली. वर्षात १९० रुपयांचे दाणे नेले. बायकोच्या दुखण्यात १५० रुपये घेतले. एकूण झाले ५४० रुपये. बाकी राहिले ६०. वर्षात त्याचे २० खाडे पडले. मालकाने एका खाड्याला ३ रुपये कापले. वीस त्रिक साठ. बाकी शून्य! वर्षभर राबून हातात काही नाही. आखाजीला पोरांना कापड नाही. मग काय करायचे? पुन्हा उचल घ्यायची आणि पुढचे साल त्याच दारी घालायचे.

आता हाच हिशेब आपण तपासू. ६०० रुपयांना ३६५ दिवसांनी भागा. एका दिवसाला सुमारे १ रुपया ६४ पैसे पडतात. म्हणजे २० खाड्यांचे ३३ रुपये कापायला हवे होते. कापले ६०. जास्त कापले २७ रुपये. हे २७ रुपये सालदाराच्या घामाचे होते. त्याने ते मागितले नाहीत, कारण हिशेब त्याला दिसलाच नाही. आणि दिसला असता, तरी एकट्याने मागायची छाती कोणाची?

त्यात भर म्हणजे, पीक राखण्यासाठी काही ठिकाणी बागायतदारांनी मंडळ्या केल्या होत्या. त्यांच्या राखणदारांचा रानात मोठा धाक. चार कणसांचा संशय आला, तरी गरिबाची पाठ सोलून निघे.

अशा वेळी अंबरसिंग महाराज उभे राहिले. ते थोडे शिकलेले होते. ते भजने म्हणत. सर्वोदयाच्या विचाराचा त्यांच्यावर संस्कार होता. पण हे महाराज मठात बसले नाहीत. भजनाच्या निमित्ताने माणसे जमत. माणसे जमली की सुखदुःखाच्या गोष्टी निघत. कोणाची जमीन गेली, कोणाची मजुरी अडली, कोणाला मार बसला. जो तो समजत होता की हे माझ्याच नशिबाचे भोग आहेत. चार माणसे बोलू लागली, तेव्हा कळले की सगळ्यांच्या घरी हीच रड आहे. सगळ्यांच्याच घरी आहे, म्हणजे ते नशीब नाही. त्याला काही कारण आहे. आणि कारण असेल, तर त्यावर उपायही असतो.

मंडळी, संघटनेचा जन्म इथे होतो. झेंडा आणि पावती-पुस्तक मागाहून येते.

मग आला २ मे १९७१ चा दिवस. पाटीलवाडी इथे धान्याच्या कारणावरून आदिवासींवर हल्ला झाला. बंदुका चालल्या. माणसाचा जीव गेला. साऱ्या महाराष्ट्रात ही बातमी पोचली. सर्वोदयाचे कार्यकर्ते शहाद्याला धावून आले. ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली. ३० जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. गेलेल्या जमिनी परत द्या, ही मागणी तिथे उघडपणे झाली. काल ज्याची मान वर होत नव्हती, तो माणूस त्या दिवशी हजारोंच्या मेळाव्यात बसला होता.

याच सुमारास शहरातले काही शिकलेले तरुणही शहाद्याला आले. त्यात कुमार शिराळकर नावाचे एक इंजिनियर होते. चांगली नोकरी सोडून ते भिल्लांच्या वस्तीत राहिले. त्यांच्या घरची भाकर खाल्ली आणि त्यांची बोली शिकले.

आता एक मोठा प्रश्न पुढे आला. जमीन आणि मजुरी समजुतीने मिळेल का? काही वडीलधारे म्हणत, मालकाच्या मनाला हात घालू, त्याचे मन वळवू. तरुण म्हणत, मन वळेपर्यंत पोट थांबत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. काही मालक समजुतीने वळले, हे खरे आहे. पण बहुतेक ठिकाणी मजूर एकजुटीने उभे राहिले, तेव्हाच बोलणी सुरू झाली. म्हणून १९७२ साली श्रमिक संघटना निघाली. गावोगाव तरुण मंडळे झाली. सालदारांनी एकत्र बसून आपल्या मागण्या ठरवल्या. काही गावांत संप झाले.

ते साल दुष्काळाचे होते. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजोबा-आजींना अजून आठवतो. विहिरी आटल्या. ढोरे कवडीमोलाने गेली. संघटनेने मागणी केली, की आम्हांला भीक नको, काम द्या आणि कामाचा दाम वेळेवर द्या. सरकारने रस्त्यांची, बंडिंगची, खडी फोडण्याची कामे काढली. यातून मजुरांना एक गोष्ट उमगली. गावात एकाच मालकाकडे काम असते, तेव्हा तो देईल ती मजुरी घ्यावी लागते. दुसरीकडे काम मिळाले, की मजूर नाही म्हणू शकतो. नाही म्हणता आले, की मजुरी वाढते. रोजगार हमीचे महत्त्व यात आहे. वि. स. पागे यांनी ही योजना मांडली. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. पुढे २००५ साली सबंध देशासाठी तसा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या मागणीचा त्या कायद्यांत वाटा आहे.

आता बायकांचे ऐका. संघटनेची शिबिरे भरत, त्यांत बायकाही येत. रानात त्या पुरुषाइतक्याच राबत, पण मजुरी कमी. घरी आल्यावर चूल, पाणी, पोरे. आणि नवरा मजुरीचे पैसे गुत्त्यावर घालवून येई आणि वर मारहाण करी. बायका म्हणाल्या, मालकाशी भांडून मजुरी वाढवाल, आणि वाढलेली मजुरी गुत्त्यात जाणार असेल, तर उपयोग काय? १९७२-७३ मध्ये शहादा भागातल्या बायका जमावाने दारूच्या गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. एकटी गेली असती, तर तिचीच पाठ फुटली असती. त्या जमून गेल्या, म्हणून मडकी फुटली. या मुलखात दारू सोडण्याची शिकवण जुनीच आहे. १९३८ च्या सुमाराला तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली होती. बायकांनी तेच काम पुन्हा हाती घेतले.

अंबरसिंग महाराजांना मात्र फार आयुष्य लाभले नाही. संघटना उभी राहून थोडाच काळ झाला होता, तोच ते तरुण वयात वारले. पुष्कळांना वाटले, आता सारे मोडले. पण तसे झाले नाही. महाराजांनी लोकांना नुसते आपल्या मागे चालवले नव्हते. एकत्र बसायला आणि बोलायला शिकवले होते. म्हणून ते गेल्यावरही बैठका होत राहिल्या.

लढ्याचे फळ कायद्यातही उतरले. १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू झाला. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासींच्या ज्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या, त्या परत मिळण्याची वाट त्याने मोकळी केली. १ एप्रिल १९५७ ही तारीख तुम्हांला आठवते ना? जिथे चूक झाली होती, तिथूनच कायद्याने मोजायला सुरुवात केली. १९७५ च्या ऑक्टोबरात वेठबिगारी बंद करणारा हुकूम देशभर निघाला. १९७६ साली त्याचा कायदा झाला. त्याच साली बाई आणि पुरुष यांना सारख्या कामाला सारखे वेतन देण्याचाही कायदा झाला.

मग सारे सुरळीत झाले का? नाही. कायद्याने जमीन दिली, तरी प्रत्यक्ष ताबा मिळायला पुष्कळांना वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. कोणाला कागद मिळाला नाही. कोणाला तारीख कळली नाही. कायदा म्हणजे विहीर आहे, मंडळी. विहीर खणून झाली, तरी पाणी दोराने ओढावेच लागते.

कुमार शिराळकरांनी ते काम सोडले नाही. १९७२ साली आलेला हा तरुण म्हातारा झाला, तरी खानदेशच्या शेतमजुरांमध्येच राहिला. पुढे त्यांनी देशभरच्या शेतमजुरांच्या संघटनेतही काम केले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी ते वारले. सबंध पन्नास वर्षे! एक भिल्लाच्या घरातला, एक शहरातला इंजिनियर. दोघांनी केले एकच. माणसांना एकत्र बसवले.

आपल्या या गावात कोणी मजूर आहेत, कोणी सालदार आहेत, कोणी दोन-चार एकरांचे शेतकरी आहेत. शेतकऱ्याने असे समजू नये, की ही गोष्ट आपल्या विरुद्धची आहे. मजुराच्या हातात दाम आला, तर तो गावच्याच दुकानात खर्च होतो. त्याची पोरे गावच्याच शाळेत जातात. हिशेब चोख असला, की मालक आणि मजूर एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू शकतात. लबाडीचा हिशेब मात्र दोघांचीही झोप घालवतो.

आता तुम्ही अक्षरे शिकलात. त्यांचा उपयोग करा. एक लहान वही करा. कामावर गेलात, तर त्या दिवसाची तारीख लिहा. उचल घेतली, तर तीही लिहा. खाडा पडला, तर तोही लिहा. आपल्या बाजूने लबाडी नको. कोणी कागदावर सही मागितली, तर आधी वाचा. वाचता आले नाही, तर सही करू नका. वाचणाऱ्या माणसाला बरोबर न्या. आपला सात-बारा काढून आणा आणि त्यावर नाव कोणाचे आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आणि मागायला जायचे झाले, तर एकटे जाऊ नका. चौघे मिळून वही घेऊन जा. बोलणे नम्र ठेवा, पण आकडा पक्का ठेवा.

येत्या शुक्रवारी रात्री याच वर्गात प्रत्येकाने आपली वही आणायची. सालदारांनी आपला हिशेब आणायचा. तो आपण सगळे मिळून वाचू.