मुलांच्या चित्रकाराचे स्मारक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या मुलांचे चित्रप्रदर्शन पाहताना मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका चित्रकाराची आठवण झाली. एझ्रा जॅक कीट्स हे त्यांचे नाव. पोलंडहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात १९१६ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी स्वयंपाकघरातले टेबल चित्रांनी भरून टाकले. आई रागावली नाही. उलट तिने ती चित्रे शेजारणींना कौतुकाने दाखविली. वडील वेटरचे काम करीत. चित्रे काढून पोट भरत नाही, असे ते मुलाला बजावीत; पण त्याच्यासाठी रंगाच्या नळ्याही आणीत.

१९३५ साली, मुलाच्या शालान्त पदवीदानाच्या आदल्या दिवशी, वडील अकस्मात वारले. ओळख पटविण्यासाठी मुलालाच जावे लागले. वडिलांच्या पाकिटात वर्तमानपत्रांची जीर्ण कात्रणे निघाली. मुलाला मिळालेल्या बक्षिसांच्या त्या बातम्या होत्या!

पुढे कीट्स यांनी सरकारी योजनेत भित्तिचित्रे रंगविली. १९६२ साली त्यांचे 'द स्नोई डे' हे पुस्तक निघाले. बर्फात खेळणारा पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा त्याचा नायक. अमेरिकेच्या चित्रपुस्तकांत तेव्हा असा नायक क्वचितच दिसे. १९६३ साली त्यास कॅल्डेकॉट पदक मिळाले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० साली आपल्या १२५ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा हेच पुस्तक सर्वाधिक, म्हणजे ४,८५,५८३ वेळा, वाचावयास नेले गेल्याचे आढळले.

१९८३ साली कीट्स निवर्तले. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये १९९७ साली त्यांच्या स्मरणार्थ ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पण तो त्यांचा नव्हे. पीटरचा आणि त्याच्या विली कुत्र्याचा! मुलांच्या चित्रकाराचा याहून उचित गौरव कोणता?

पालकहो, त्या वडिलांच्या मनात अभिमान होता, पण मुलाला तो कळला त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्या हातून असे होऊ नये. मुलाची शाबासकी खिशात ठेवू नका. आज घरी गेल्यावर त्याला ती द्या. आणि संस्थाचालकांना माझी नम्र सूचना आहे की, शाळेच्या आवारातील एक भिंत मुलांच्या चित्रांसाठी राखून ठेवावी. पहिल्या रंगाचा खर्च मी आनंदाने देईन.